चिल्लीपिल्ली घेऊन मलावीला निघालात? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

सलाम मंडळी. गेल्या अंकात आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या मिशन हॉस्पिटलच्या कॅम्पसवरच्या आमच्या दिवसांबद्दल लिहिलं होतं, नवरा लॅबमध्ये, मी नर्सिंगच्या मुलींना शिकवायला आणि दोन पोरं पायात. त्यावर जी पत्रं आली त्यात हॉस्पिटलबद्दल कुणीच काही विचारलं नाही, सगळे प्रश्न पोरांचे! म्हणून या वेळी फक्त पोरं.

प्रश्न : ताई, सलाम. आम्ही नगरचे (अहिल्यानगर म्हणायची सवय अजून लागली नाही). मिस्टर फिजिओथेरपिस्ट, मी स्टाफ नर्स, मलावीला दोन वर्षांसाठी बोलावणं आलंय. मोठी चार वर्षांची आहे, धाकटा दहा महिन्यांचा. सासूबाई म्हणतात एवढ्याशा लेकरांना मलेरियाच्या देशात नेणं म्हणजे प्रभूची परीक्षा पाहणं. त्यांना काय सांगू, आणि बॅगेत काय भरू?

आधी सासूबाईंचं बघू. त्या चुकीचं काही बोलत नाहीयेत गं. मलावीत मलेरिया वर्षभर असतो, नोव्हेंबर ते एप्रिलच्या पावसात जास्त, आणि पाच वर्षांखालच्या पोरांनाच तो सगळ्यात जड जातो. त्यामुळे 'प्रभू सांभाळेल, तुम्ही काळजी करू नका' एवढं बोलून विषय संपवू नकोस, त्यांना समोर बसवून आपण काय काय करणार ते सांग. म्हणजे असं, की औषध लावलेली मच्छरदाणी रोज संध्याकाळी अंधार पडायच्या आत गादीखाली खोचली जाणार, कुणी पाहुणे आले असले तरी. मलेरिया होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या मुलांच्या वजनावर ठरतात, डॉक्सिसायक्लिन तर आठ वर्षांखाली सहसा देत नाहीत, म्हणून जायच्या आधी ट्रॅव्हल मेडिसिन बघणाऱ्या डॉक्टरकडून दोघांचं वेगवेगळं लिहून घे, आणि धाकट्याचं वजन वाढेल तसा डोस बदलावा लागतो हे विसरू नकोस. मलावीने क्लोरोक्विन हे मलेरियाचं जुनं औषध 1993 मध्येच सोडून दिलं, तेव्हा घरात कुणी प्रेमाने जुनी पाकिटं बॅगेत टाकली तर काढून ठेव. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताप आला की त्याच दिवशी बोटातून रक्त काढून टेस्ट. उद्या बघू, दात येत असतील, असलं तिथे चालत नाही. एप्रिल 2019 मध्ये मलेरियाची लस प्रायोगिक तत्त्वावर नेहमीच्या लसीकरणात द्यायला सुरुवात करणारा पहिला देश मलावीच, त्यामुळे तिथल्या नर्सेसना या आजारातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं, त्यांचं ऐक. सुट्टीत घरी आल्यावर पोरांना ताप आला तर इथल्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं की आम्ही मलावीहून आलोय.

आता कपड्यांचं, कारण हे तुला कुठल्याच ओरिएंटेशनमध्ये सांगणार नाहीत. तिथे पुत्सी नावाची माशी असते, ती ओलसर कपड्यांवर अंडी घालते, ते कपडे अंगात घातले की अळी कातडीत शिरते आणि गळवासारखं वर येतं, मधोमध एक बारीक भोक. जिवावरचं काही नाही पण बाळाच्या ढुंगणावर असलं काही बघून नवी आई अर्धी होते. उपाय सोपा आहे, घाम काढणारा आहे एवढंच. बाहेर वाळलेला प्रत्येक कपडा इस्त्री करायचा, लंगोट, झबली, चादरी, टॉवेल, सगळं, आणि इस्त्री शिवणीवर नि इलास्टिकवर दाबून फिरवायची कारण ओल तिथेच राहते. लाइट जाते, बऱ्याचदा जाते, म्हणून तिथे घरोघरी कोळशाची इस्त्री असते. ती तिकडेच बाजारात मिळते, इथून लादून नेऊ नकोस.

तसंच तूरडाळीचं. लोक पाच पाच किलो डाळ बॅगेत कोंबतात! अगं तूर मलावीत पिकते, तिथे तिला नान्दोलो म्हणतात, आणि भारत सरकारने 2021 मध्ये मलावीशी वर्षाला 50,000 टन तूर घ्यायचा करार केला होता, म्हणजे तू जी डाळ नेशील ती कदाचित तिथूनच आलेली असेल. राजधानी लिलाँग्वेच्या ओल्ड टाउनमध्ये आणि ब्लँटायरजवळ लिंबेला गुजराथी लोकांची जुनी दुकानं आहेत, बेसन, मसाले, आटा, सगळं मिळतं. तू ने गोडा मसाला, मेतकूट, नाचणीसत्त्व, डिजिटल थर्मामीटर, ओआरएस आणि मराठी गोष्टींची पुस्तकं. मोठीला पहिल्या आठवड्यातच न्सिमा आवडेल बघ, मक्याच्या पिठाची घट्ट उकड असते, हाताने गोळा करून भाजीत बुडवून खायची, आणि तिथल्या वाळवलेल्या उसिपा मासळीचा वास आला की तुला सुकटच आठवेल.

कागदांचं थोडक्यात. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, मधेच संपत नाही ना बघ. जन्मदाखला इंग्रजीतला हवा आणि त्यावर आईबापाची नावं पासपोर्टसारखीच, एका अक्षराचा फरक असला तर आत्ताच दुरुस्त करून घे. लसीकरणाच्या कार्डाचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर परत येताना पिवळ्या तापाचं, म्हणजे यलो फीव्हरच्या लसीचं सर्टिफिकेट मागू शकतात. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, नऊ महिन्यांखालच्या बाळांना सहसा देत नाहीत (तुझ्याला चालेल), आणि सर्टिफिकेट लस दिल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस. आणि तिथे असताना तिसरं झालंच तर वर्षाच्या आत लिलाँग्वेच्या भारतीय हायकमिशनमध्ये जन्माची नोंद करायची, नाहीतर नागरिकत्वासाठी मागून दिल्लीपर्यंत कागद फिरवावे लागतात.

प्रश्न : ताई, आम्ही लिलाँग्वेत असतो, मूळचे सोलापूरचे. मुलगी सात वर्षांची. घरात मराठीत विचारलं की उत्तर इंग्लिशमध्ये नाहीतर इथल्या चिचेवा भाषेत. मिसेस म्हणते सोडून द्या, पोर खुश आहे ना. दीड वर्षांनी परत यायचंय. काय करावं?

भाऊ, पोर खुश आहे हे खरंच मोठं आहे, त्याबद्दल आधी आभार माना. कितीतरी घरं पोरांना करमत नाही म्हणून परत आलेली आहेत. चिचेवा तिला शेजारपाजारच्या पोरांनी दिलीय, ती हिसकावून घेऊ नका. आमचा धाकटा भांडायचा चिचेवात, पाढे म्हणायचा इंग्लिशमध्ये आणि झोपताना प्रार्थना मराठीत, आणि त्याला त्यात काही विचित्र वाटायचं नाही.

पण सोडून देऊ नका. दीड वर्षांनी परत याल तेव्हा महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने कुठल्याही बोर्डाच्या शाळेत मराठी शिकावीच लागते, आणि वर्गातल्या पोरांसमोर काना-मात्रा अडखळत वाचायला लागलं की हीच खुश पोर घरी येऊन रडेल. प्रवेशाची फार चिंता नको, आरटीईप्रमाणे, म्हणजे शिक्षण हक्काच्या कायद्याप्रमाणे, आठवीपर्यंत वयाला धरून वर्ग मिळतो आणि दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. अडचण येते ती वाचण्या-लिहिण्याची.

'मराठीत बोल!' असं ओरडून काही होत नाही, उलट पोरं गप्प होतात. दिवसातली एक गोष्ट मराठीची ठरवा आणि ती कधीच मोडू नका. आमच्याकडे संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना होती, लाइट असो नसो, कंदिलात सुद्धा, एक गीत, शास्त्रवचनाच्या दोनतीन ओळी पोरांनीच बोट ठेवून वाचायच्या, मग ज्याला जे मागायचं ते मागायचं. कोंबडीसाठी, शेजारच्या आजारी आजीसाठी, चेंडू सापडावा म्हणून. पोराला मनापासून काही मागायचं असलं की शब्द सापडतात हो. आणि तिने चिचेवात उत्तर दिलं तर तुम्ही मराठीतच पुढे बोलत राहा, चूक काढू नका, दुरुस्त वाक्य आपल्या तोंडून सहज म्हणा. लिहायला म्हणाल तर आजीला दर आठवड्याला चार ओळींचं पत्र, फोटो काढून पाठवायचं. शुद्धलेखन आजी बघत नाही.

प्रश्न : मी जालन्याची. मुलगा-सून सेवेसाठी मलावीत. नातू पाच वर्षांचा आहे, व्हिडिओ कॉल लावला की सलाम आजी म्हणतो आणि पळतो. मला वाईट वाटतं. तो मला विसरेल का?

आजी, नाही विसरणार, पण कॉलची वेळ बदला. मलावीचं घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास. तुम्ही रात्री जेवणं आवरून साडेनऊला फोन लावता तेव्हा तिथे संध्याकाळचे सहा, म्हणजे अंगणातून पोरांना ओढून आणायची, आंघोळीची, मच्छरदाणीची धांदल. त्या वेळी राष्ट्रपतींचा फोन आला तरी पोरगं पळेल. त्यापेक्षा तुमच्या सकाळी साडेअकराला लावा, तिथे आठ वाजलेले असतात, सुट्टीचा दिवस असेल तर तो नाश्त्याला एका जागी बसलेला सापडेल. आणि 'काय जेवलास, अभ्यास केला का' विचारू नका, त्याचं उत्तर 'हो' एवढंच येतं. तुम्हीच काहीतरी दाखवा. पापड लाटताना दाखवा, मांजर दाखवा, नाताळाला करंज्या करता तेव्हा फोन डब्याला टेकवून ठेवा आणि सारण त्याला विचारून भरा.

दुसरं म्हणजे नेट रोज चांगलं नसतं आणि डेटा महाग पडतो, म्हणून व्हॉइस मेसेजवर गोष्टी पाठवा. बायबलातल्या दावीद आणि गल्याथ, योना, तुमच्या गावची विहिरीतली भुताची सुद्धा चालेल (पाळकसाहेबांना सांगू नका). तीनचार मिनिटांची. सून ती झोपताना लावेल. एका आजींच्या नातवाला तीच ती गोष्ट रोज लागायची, त्यात आजी मधेच शिंकते तिथे तो आधीच हसून ठेवायचा.

पार्सल पाठवण्याच्या भानगडीत फार पडू नका, पोचायला महिने लागतात आणि कपडे तोवर आखूड झालेले असतात.

प्रश्न : नाव छापू नका. यजमान पूर्णवेळ सेवेत, आम्ही परदेशात. ते सकाळी जातात, रात्री येतात, शनिवार-रविवार खेड्यातल्या मंडळ्या (चर्च). घरी कायम पाहुणे. मुलं तीन, सगळी सहाच्या आत. वर दर महिन्याच्या प्रार्थनापत्रात मुलांचे फोटो टाकायचे कारण देणगीदारांना आवडतात. मी काही बोलले की 'सेवेत अडथळा' म्हणतात. मी कमी पडतेय का?

नाही. तुम्ही कमी पडत नाही आहात, तुमच्या घरात माणूस कमी पडतोय.

हे यजमानांना वाचून दाखवा. ब्लँटायर शहराला ज्याच्या जन्मगावाचं नाव दिलंय तो मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन. त्याच्याबद्दल संडे स्कूलमध्ये आपण सगळ्यांनी ऐकलंय. हे ऐकलेलं नसतं, की 1852 मध्ये त्याने बायको मेरी आणि चार मुलांना केपटाउनहून बोटीत बसवून इंग्लंडला पाठवलं आणि पुन्हा भेट झाली ती 1856 च्या डिसेंबरात. मेरीने ती वर्षं तंगीत आणि दुसऱ्यांच्या दारात काढली. पुढे ती परत आफ्रिकेत आली आणि 1862 मध्ये झांबेझीच्या काठी तापाने गेली. थोरला रॉबर्ट नाव बदलून अमेरिकेच्या यादवी युद्धात शिपाई झाला आणि 1864 मध्ये कैदेत मेला, विशीही उलटली नव्हती. लिव्हिंगस्टनचं काम मोठंच आहे, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जे लिहिलं त्याचं मोल मी कमी करत नाही. पण त्याची किंमत कोणी दिली तेही पोरांना शिकवायला हवं, आणि ती किंमत देवाने मागितली होती असं मला तरी वाटत नाही. बायबलात तीमथ्याच्या पहिल्या पत्रात मंडळीच्या अध्यक्षाबद्दल काय म्हटलंय ते यजमानांना पाठ असेलच, ज्याला आपलं घर चालवता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळणार. ते वचन फक्त पोरांना शिस्त लावण्यापुरतं नाहीये.

आता करायचं काय. आठवड्यातला एक पूर्ण दिवस घराचा, आणि तो रविवार नसणार कारण रविवार पाळकाच्या घराचा नसतोच. सोमवार धरा. त्या दिवशी दार उघडायला यजमान जातील आणि पाहुण्याला उद्या या म्हणतील. मलावीसारख्या ठिकाणी दारातून कुणाला परत पाठवणं उद्धट वाटतं हे मला माहितीये, पण आधीपासून सगळ्यांना सांगून ठेवलं की लोक समजून घेतात, त्यांच्याही घरी पोरं असतात. रोज रात्री तिघांपैकी एकाला झोपवायचं काम बापाचं. ऐकत नसतील तर पाठवणाऱ्या संस्थेत किंवा मंडळीत एखाद्या वडीलधाऱ्या जोडप्याशी बोला, ही चुगली नाही.

फोटोंचं तर सरळ आहे. आंघोळीचे, आजारपणाचे, रडतानाचे नाहीत. शाळेचं नाव, घराची खूण दिसेल असे नाहीत. पोराने चड्डीत केलेली गंमत प्रार्थनापत्रात नाही, ते पोर उद्या पंधरा वर्षांचं होणार आहे आणि तेच पत्र वाचणाऱ्या मंडळीत उभं राहणार आहे. संस्थेकडे मुलांच्या सुरक्षेचं लेखी धोरण आहे का ते मागून घ्या. नसेल तर का नाही ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत पत्रात डोंगराचे फोटो टाका, मलावीतला मुलांजे नावाचा डोंगर फार फोटोजनिक आहे.

प्रश्न : तिथे घरकामाला बाई ठेवली तर इथल्या मंडळीला वाटेल सेवेला गेले की ऐश करायला. ठेवावी का?

ठेवा. पाणी उकळणं, हाताने धुणं, आणि वर सांगितली ती इस्त्री, हे सगळं दोन लहान पोरांसकट एकटीने करून दाखवल्याने कुणाचं तारण होत नाही. त्या बाईच्या घरी चूल पेटते हे वेगळंच. पगार ठरलेल्या तारखेला, सुट्टी ठरलेली, कामाचा लेखी करार, आणि नवीन असताना पहिले काही आठवडे पोरांना तिच्याबरोबर एकटं सोडायचं नाही, मग ती कितीही भली का असेना. मंडळीत कुणी विचारलं तर त्यांना एक दिवस तीन बादल्या लंगोट धुवायला बोलवा.

शाळांबद्दलची आणि तळ्यात पोहू द्यावं का ही पत्रं पुढच्या अंकात घेते. तोवर मलावी तळ्याच्या काठी सुट्टीला जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, लव्हाळ्याजवळच्या संथ पाण्यात पोरांना उतरवू नका, गोगलगायींमुळे बिल्हार्झिया नावाचा जंतांचा आजार होतो, आणि गेलेच पाण्यात तर काही आठवड्यांनी तपासणी करून घ्या, प्राझिक्वांटेल नावाचं औषध आहे त्यावर.