विद्यापीठाचा कारभार सुधारायचा तर सुरुवात कुठून करावी?
माझ्या मते परीक्षा विभागापासून, पोरांचे सगळ्यात जास्त हाल तिथेच होतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा 2016 मध्ये लिहिलंय की परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निकाल लागलाच पाहिजे, पण त्यासाठी पेपर तपासणारे, मॉडरेशन (तपासलेल्या पेपरांची फेरपडताळणी) हे सगळं आधीच जुळवून ठेवावं लागतं. नुसतं सॉफ्टवेअर आणून काही होत नाही हो, मुंबई विद्यापीठात 2017 ला ऑनस्क्रीन पेपर तपासणी घाईघाईत सुरू केली, निकाल महिनोनमहिने रखडले आणि शेवटी राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून काढलं, पण खरा फटका बसला तो पुढच्या अ‍ॅडमिशनसाठी ताटकळलेल्या पोरांना. म्हणून नवीन सिस्टिम आधी एखाद्या छोट्या फॅकल्टीत चालवून बघा, मग सगळीकडे.

दुसरं म्हणजे ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा एकत्र दाखला), मायग्रेशन (दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठीचा दाखला) वगैरे कागदपत्रं. अर्ज कुणाच्या टेबलावर अडकलाय एवढं जरी ऑनलाइन दिसलं तरी गावाहून येणाऱ्यांच्या कितीतरी खेपा वाचतील. डिग्री डिजिलॉकरवर (सरकारच्या ऑनलाइन कागदपत्रांच्या अ‍ॅपवर) मिळते ते चांगलंच आहे, पण जुन्या बॅचेसचं रेकॉर्डही चढवायला हवं, आणि जी मार्कशीट विद्यापीठानेच दिलीय तिची झेरॉक्स विद्यापीठानेच परत का मागावी?