इंटेलच्या लॅपटॉपवर क्यूएमूमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरचं मशीन सॉफ्टवेअरमध्ये उभं करणारा एम्युलेटर) आर्म लिनक्स चालवतोय, पण आत केव्हीएम (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) मिळत नाही. बूट लॉगमध्ये 'एचवायपी मोड नॉट अव्हेलेबल' असं येतं. काय करावं?

तुमच्या बूट लॉगमधल्या त्या ओळीतच उत्तर आहे. क्यूएमूचं 'व्हर्ट' मशीन आपणहून ईएल२, म्हणजे हायपरवायझरचा स्तर, देत नाही. मग कर्नल ईएल१वर, म्हणजे त्याच्या खालच्या स्तरावर, उठतो आणि केव्हीएमची डिव्हाइस फाइल तयारच होत नाही. बायोसमध्ये व्हीटी-एक्स (इंटेलची व्हर्च्युअलायझेशनची सोय) चालू-बंद करत बसू नका, त्याचा इथे संबंधच नाही. आर्मचा अख्खा प्रोसेसर टीसीजी, म्हणजे क्यूएमूचा सूचनांचं भाषांतर करणारा भाग, सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. ईएल२सुद्धा तोच देतो, फक्त मागावा लागतो.

'-मशीन'च्या पुढे 'व्हर्ट,व्हर्च्युअलायझेशन=ऑन,जीआयसी-व्हर्शन=३' लिहा (अर्थात रोमन अक्षरांत; जीआयसी म्हणजे आर्मचा इंटरप्ट कंट्रोलर). सीपीयू 'मॅक्स' घ्या, ४ कोअर आणि ४ जीबी रॅम पुरे. क्यूएमूच्या जुन्या आवृत्त्यांत 'मॅक्स'मधलं पॉइंटर ऑथेंटिकेशनचं (पॉइंटरवर सही करून तो तपासण्याचं) गणित टीसीजीला जड जातं, म्हणून तिथे सीपीयूच्या पर्यायात 'पीऑथ-आयएमपीडीईएफ=ऑन' जोडा. 'कॉर्टेक्स-ए५७'वरही केव्हीएम चालतं, पण तो आर्म ८.०चा असल्यामुळे त्यात व्हीएचई (कर्नल थेट ईएल२वर चालवायची सोय) नाही. 'मॅक्स'वर लॉगमध्ये 'व्हीएचई मोड इनिशियलाइज्ड सक्सेसफुली' दिसलं की काम झालं. मॉड्यूल शोधू नका: आर्म६४वर केव्हीएम कर्नलमध्येच बांधलेलं असतं, 'मॉडप्रोब'ने (मॉड्यूल लोड करायची कमांड) हाती काही लागणार नाही. कर्नल स्वतः बांधला असेल तर कॉन्फिगमध्ये केव्हीएमपुढे 'वाय' आहे का, ते पाहा.

आता आतलं मशीन, म्हणजे या आर्म लिनक्समध्ये केव्हीएमवर चालवायचं दुसरं क्यूएमू. त्याला '-ॲक्सेल केव्हीएम', '-सीपीयू होस्ट' आणि 'जीआयसी-व्हर्शन=होस्ट' द्या; १ कोअर, ५१२ एमबी. इथे हटकून होणारी चूक म्हणजे एखाद्या जुन्या कमांडवरून '-सीपीयू कॉर्टेक्स-ए५७' तसंच उचलून आणणं. बाहेर 'मॅक्स' असताना केव्हीएम आत वेगळा प्रोसेसर बनवून देत नाही, क्यूएमू एरर देऊन बंद पडतं.

दोन्हीकडे '-नोग्राफिक' (खिडकी न उघडता टर्मिनलमध्येच चालवायचा पर्याय) असेल तर एक गंमत होते. आतलं मशीन बंद करायला कंट्रोल-ए, एक्स दाबलंत तर मरतं बाहेरचं, कारण ती कळ आधी त्यालाच मिळते. कंट्रोल-ए दोनदा दाबून मग एक्स दाबा. त्यापेक्षा बाहेरच्या मशीनमध्ये एसएसएचने शिरा, म्हणजे हा घोळच नको.

वेगाची अपेक्षा मात्र बेताची ठेवा. आतल्या केव्हीएममुळे सूचनांचं दुहेरी भाषांतर टळतं, त्यामुळे टीसीजीत टीसीजी चालवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण बाहेरचं भाषांतर राहतंच, वर पत्त्यांचं दोन टप्प्यांचं भाषांतरही टीसीजीलाच करावं लागतं. कर्नलमधले बदल तपासायला उत्तम, रोजच्या वापराला नाही.

हाच प्रयोग टीसीजीखाली एक्स८६वर करायचा असेल तर एएमडीचा रस्ता धरा: सीपीयूला '+एसव्हीएम' (एएमडीची व्हर्च्युअलायझेशनची सोय) द्या आणि आत 'केव्हीएम_एएमडी' लोड करा. इंटेलचं व्हीएमएक्स (व्हीटी-एक्सच्या सूचना) टीसीजीत नाही. '+व्हीएमएक्स' दिलंत तरी क्यूएमू एक इशारा छापून ते सोडून देतं.