निम्मेच 'दुसऱ्या' का सापडतात?

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधासाठी जुन्या मासिकांचा टंकित मजकूर गोळा करून शब्द मोजते आहे. 'दुसऱ्या' शोधलं की निम्म्याच जागा सापडतात. असं का?

उत्तर : 'ऱ्या' संगणकात दोन प्रकारे साठतो. एकात युनिकोडचा (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकीय पद्धतीचा) ०९३१ क्रमांकाचा 'ऱ', हलन्त आणि 'य'. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, मग २००डी क्रमांकाचा अदृश्य जोडक आणि 'य'. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधयंत्राला मात्र वेगळे. एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे साठलं असेल तर ते एकसारखं करण्याची युनिकोडची रीत) जरूर करा, पण त्याने हा फरक मिटत नाही. मूळ फाइलची प्रत ठेवून 'र + हलन्त + जोडक' सगळीकडे 'ऱ + हलन्त' करा. उरलेले जोडक त्यानंतरच काढा. आधी काढलेत तर 'दुसर्या' असा रफार होईल आणि 'आचाऱ्यांना' व 'आचार्यांना' कायमचे एक होतील! हा घोळ नंतर निस्तरता येत नाही.