जॉर्जिया टेकचा ऑप्शन अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये उभा करताना
प्रशिक्षक पॉल जॉन्सनच्या जॉर्जिया टेक या कॉलेज संघाची (2008 ते 2018) फ्लेक्सबोन, म्हणजे धावण्यावर भर देणारी मांडणी, हवी असेल, तर कस्टम प्लेबुकमध्ये (स्वतः निवडलेल्या चालींच्या यादीत) ढीगभर प्ले कोंबू नकोस. आधी ट्रिपल ऑप्शन, म्हणजे चेंडू देणं, ठेवणं किंवा पिच करणं अशा तीन पर्यायांची चाल, घोटून घे. एका डिफेंडरला मुद्दाम ब्लॉक करायचं नाही. तो फुलबॅकवर (मधून धावणाऱ्या खेळाडूवर) झेपावला की चेंडू क्वार्टरबॅककडेच, म्हणजे तुझ्याकडेच, ठेव. बाहेर थांबला की फुलबॅकला दे. पुढचा डिफेंडर तुझ्या अंगावर आला, की पिच, म्हणजे बाजूने धावणाऱ्याकडे चेंडू फेक. हे डोळ्यांत बसेपर्यंत प्रॅक्टिस मोड सोडू नकोस. मिडलाइन, रॉकेट टॉस वगैरे इतर चाली नंतर. पास मोजकेच, पण लांब: 2009 मध्ये याच संघाच्या डिमेरियस थॉमस या रिसीव्हरने (पास झेलणाऱ्या खेळाडूने) 46 झेलांत 1,154 यार्ड काढले होते! आणि चौथ्या डाउनला (शेवटच्या प्रयत्नाला) दोनच यार्ड हवे असताना पंट, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून समोरच्याला देणं? छे, खेळून टाक.