सहा कथा, पाच परीक्षणं

चि. कथाकारास,
अनेक आशीर्वाद.

विज्ञानकथांच्या मासिकाच्या एका अंकावरचं तुझं परीक्षण आधी वाचलं आणि पत्र नंतर, हे बरं झालं. उलट झालं असतं, तर त्याच मासिकाकडून तुझ्या तीन कथा ‘साभार परत’ आल्याचं आधी कळलं असतं, आणि मग प्रत्येक तिखट वाक्यात मला तेवढंच दिसलं असतं. राग दिसतोच, पण तुला वाटतं तेवढा नाही. दोष दुसरीकडे आहे. तुझ्या पाच पानांत मतं भरपूर आहेत, कथा कुठे सापडत नाहीत.

आधी तुझा प्रश्न. विज्ञानकथा लिहायच्या असतील तर परीक्षणाच्या भानगडीत पडावं का? खुशाल पड. या प्रांतातले नावाजलेले परीक्षक बहुतेक स्वतः कथाकारच होते: डेमन नाइट, जेम्स ब्लिश, अल्गिस बड्रिस, जोआना रस. नाइटच्या परीक्षणांचं पुस्तक १९५६ साली निघालं आणि त्याच वर्षी परीक्षक म्हणून त्याला ह्यूगो हा विज्ञानकथेतला मानाचा पुरस्कार मिळाला. ब्लिश जरा सावध गडी. मासिकांतल्या कथांचा समाचार तो ‘विल्यम अ‍ॅथलिंग ज्युनियर’ या टोपणनावानं घ्यायचा. संपादक डूख धरतील अशी तुला धास्ती आहे. एखादा धरेलही. पण आपला अंक कुणीतरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, याचंच बहुतेक संपादकांना इतकं अप्रूप असतं की चार शिव्या पदरात पडल्या तरी ते मनावर घेत नाहीत.

कादंबरीवर कुणी ना कुणी लिहितं. कथा अंकात येते, महिना सरतो, पुढचा अंक येतो, आणि तिच्यावर एक ओळसुद्धा कुणी लिहिलेली नसते. गार्डनर डोझ्वानं १९८४ ते २०१८ या काळात वर्षातल्या उत्तम विज्ञानकथांचे पस्तीस संग्रह काढले. दर खंडात मागे उल्लेखनीय कथांची लांबलचक यादी असायची. त्या यादीत आपलं नाव बारीक टायपात का होईना आहे ना, हे बघायला लेखक आधी शेवटची पानं उघडत असणार. मी तरी तेच केलं असतं.

आता ‘अस्टाउंडिंग’ या अमेरिकन विज्ञानकथा-मासिकातला एक किस्सा. त्याच्या नोव्हेंबर १९४८च्या अंकात एका वाचकाचं पत्र छापून आलं. पत्रात अंकाचं परीक्षण होतं, नेहमीच्या रिवाजानं: अमकी कथा पहिल्या नंबराची, तमकी तिच्या खालोखाल. फक्त तो अंक होता नोव्हेंबर १९४९चा, म्हणजे वर्षभर पुढचा. हाइनलाइन, स्टर्जन, व्हॅन व्होट, डेल रे यांच्या तोवर न लिहिलेल्या कथांची नावं त्यानं बेधडक ठोकून दिली होती. संपादक जॉन कॅम्पबेलनं त्या लेखकांना गाठलं, कथा लिहवून घेतल्या, आणि नोव्हेंबर १९४९चा अंक बराचसा त्या पत्राबरहुकूम काढला. हाइनलाइनच्या ‘गल्फ’चं शीर्षक त्या पत्रातूनच आलं.

लोक हा किस्सा कॅम्पबेलच्या मिश्कीलपणासाठी सांगतात. मला कौतुक त्या वाचकाचं. मासिक त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की न निघालेल्या अंकाचं परीक्षणही त्याला लिहिता आलं. तू लिहिलंयस, ‘हे मासिक असल्याच कथा छापतं.’ किती अंक वाचून? पत्रावरून तरी दोन दिसतात. ते वाक्य खोड, किंवा आणखी दहा अंक वाच आणि मग ठेव.

माझं मुख्य म्हणणं असं की परीक्षणातल्या प्रत्येक मताखाली बोट ठेवता येईल अशी जागा हवी. कथेतली एखादी ओळ, एखादी वस्तू, कुणी केलेली किंवा न केलेली एखादी गोष्ट. उदाहरणाला टॉम गॉडविनची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ घेऊ, ऑगस्ट १९५४च्या ‘अस्टाउंडिंग’मधली. तापानं आजारी पडलेल्या सहा माणसांसाठी औषध घेऊन एक छोटं यान निघालंय. इंधन अगदी मोजून दिलेलं. अठरा वर्षांची एक मुलगी भावाला भेटायच्या ओढीनं त्यात लपून बसलीय. तिचं वजन धरलं तर यान धड उतरणार नाही. शेवटी तिला यानाबाहेर जावंच लागतं. गॉडविन तिला वाचवायच्या युक्त्या शोधत राहिला आणि कॅम्पबेल कथा परत धाडत राहिला, हे प्रसिद्धच आहे.

यावर ‘हृदयद्रावक’ असं लिहिता येतं, ‘क्रूर’ असंही. दोन्ही शब्द हवेत तरंगतात. बोट ठेवायची जागा आहे ते यानाचं दार. दारावर पाटी आहे: परवानगीशिवाय आत येऊ नये. एवढंच. आत शिरलात तर जिवाला मुकाल, असं त्या पाटीवर नाही. मुलीला वाटतं, फार तर दंड होईल. पहारेकरी नाही, निघण्याआधी कुणी कपाट उघडून बघितलेलं नाही. भौतिकशास्त्राचे नियम निर्दय आहेत आणि त्यांनीच तिचा बळी घेतला, असं कथा आपल्याला परोपरीनं पटवते. दाराकडे बघितलं की कळतं, बळी घेतला तो कुणाच्या तरी गलथान कारभारानं. आणि गलथान कारभाराला समीकरण म्हणता येत नाही.

बरेच परीक्षक इथवर येतात आणि स्वतःवर खूश होऊन थांबतात. तू थांबू नकोस. ही कथा मी पहिल्यांदा बाविसाव्या वर्षी वाचली तेव्हा मला दार दिसलंच नव्हतं. गळा दाटून आला होता. दार दिसलं तिसऱ्या वाचनात. मग परीक्षणात काय लिहायचं? दोन्ही लिहायचं. पहिल्यांदा दार का दिसलं नाही, लेखकानं माझी नजर कशी बांधून ठेवली, आणि नंतर ती कुठे सुटली. हे लिहायला बसशील तेव्हा आपल्या कथेतली दारंही आपोआप तपासशील.

माझी फजितीही ऐक. एका लहानशा मासिकात मी दर महिन्याला कथांवर लिहायचो. एका कथेत दूरच्या उपग्रहावरच्या तळावर एकटी राहणारी बाई होती. ती रोज दोन ताटं मांडते. मी ऐटीत लिहिलं: ‘तपशिलात ढिलाई. एकट्या बाईला दोन ताटं कशाला?’ पंधरा दिवसांनी लेखकाचं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ: ‘तिसरं पान, वरून चौथी ओळ.’ काढून बघितलं. तिथं खुंटीवर दुसरा स्पेससूट होता, खांद्यावर धूळ साचलेला. सगळी कथा त्या धुळीत होती आणि मी ती ओळ घाईत ओलांडून गेलो होतो. तेव्हापासून परीक्षणाआधी कथा दोनदा वाचतो, आणि दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक आक्षेपापुढे पान आणि ओळ मांडतो. ज्या आक्षेपाला ओळ सापडत नाही, तो निम्म्या वेळा माझाच घोळ निघतो.

कथानक किती सांगावं? तू तर शेवटसुद्धा सांगून टाकलायस. तीनशे पानांच्या कादंबरीतली पहिली पन्नास पानं सांगितली तर वाचकाचं फारसं बिघडत नाही. तोच हिशेब चार हजार शब्दांच्या कथेला लावला तर सांगण्याजोगे हातात साडेसहाशे शब्द उरतात. (ह्यूगो आणि नेब्युला पुरस्कारांच्या मोजणीत ७,५०० शब्दांच्या आतली ती लघुकथा, १७,५००पर्यंत नॉव्हेलेट, ४०,०००पर्यंत नॉव्हेला. तू सगळ्यांनाच ‘दीर्घकथा’ म्हटलंयस.) म्हणून काय घडतं ते थोडक्यात उरकायचं आणि ते कसं सांगितलंय यावर रेंगाळायचं.

डॅनियल कीझची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’ एप्रिल १९५९मध्ये ‘द मॅगझिन ऑफ फॅन्टसी अँड सायन्स फिक्शन’मध्ये आली. कथा म्हणजे चार्ली नावाच्या मतिमंद माणसानं स्वतः लिहिलेले अहवाल. पहिल्या अहवालातलं शुद्धलेखन बघ, असं वाचकाला सांगायचं. मध्यावर विरामचिन्हं कशी नीट पडायला लागतात तेही सांगायचं. त्यापुढे तोंड मिटायचं. शब्दांच्या स्पेलिंगमधून माणूस वर चढताना दिसतो, हे कळलेला वाचक उरलेलं स्वतः वाचेल. आणि तुझ्या जखमेवर थोडं मलम: ‘गॅलक्सी’ या विज्ञानकथा-मासिकाचा संपादक होरेस गोल्ड या कथेचा शेवट गोड कर म्हणत होता. कीझ ऐकला नाही, कथा दुसरीकडे गेली आणि १९६०चा ह्यूगो घेऊन आली. प्रत्येक परत आलेली कथा अशीच असते, असा मात्र याचा अर्थ काढू नकोस. तुझी पहिली कथा परत यायलाच हवी होती.

या क्षेत्रात तयार शिक्के पुष्कळ आहेत. सशाला परग्रहावर नेऊन त्याला ‘स्मीर्प’ म्हटलं की झाली विज्ञानकथा, ही ब्लिशची टवाळी. पात्रं मूर्ख आहेत म्हणूनच पुढे सरकणारं कथानक, त्याला नाव ‘इडियट प्लॉट’. ऑक्टोबर १९५०मध्ये ‘गॅलक्सी’नं पहिल्याच अंकाच्या मलपृष्ठावर दोन परिच्छेद शेजारी शेजारी छापले होते. एकात घोडा दौडवत येणारा काउबॉय, दुसऱ्यात यान उतरवणारा अंतराळवीर, वाक्यरचना तीच, फक्त नामं बदललेली. असलं काही आमच्याकडे मिळणार नाही, असं खाली बजावलं होतं. शिक्के शिकून घे, पण दुसऱ्याच्या कथेवर मारत सुटू नकोस. तू एका परिच्छेदात तीन मारलेत. शिक्का मारून झाला की बोट ठेवायचं राहून जातं.

स्टर्जनच्या त्या नव्वद टक्क्यांचंही तेच. ‘नव्वद टक्के विज्ञानकथा टाकाऊ’ एवढंच तू उद्धृत केलंस. तो विज्ञानकथेच्या बाजूनं बोलत होता गं! त्याचं म्हणणं होतं, कुठल्याही गोष्टीतले नव्वद टक्के टाकाऊच असतात, मग एकट्या विज्ञानकथेला का झोडपता?

लेखकाचं नाव झाकून वाचायची सवय लाव. जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं, आपली आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कागदावरही ती पत्नीच्या हातची होती. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. उलट्या बाजूचं उदाहरण जेम्स टिपट्री ज्युनियरचं. रॉबर्ट सिल्व्हरबर्गनं १९७५मध्ये त्यांच्या लेखनाला ठासून पुरुषी ठरवलं, आणि पुढे कळलं की टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन नावाच्या बाई. तुझ्या परीक्षणात ज्या एकाच कथेवर स्तुतिसुमनं आहेत, तिचा लेखक त्या अंकातला एकमेव नामवंत आहे. योगायोग असेल. तरी एकदा तपास.

शेवटी तुझं ते ‘मनाला भिडणारी, वेगळ्या उंचीवर नेणारी’ वगैरे. २० फेब्रुवारी २०२३ला ‘क्लार्क्सवर्ल्ड’ मासिकानं नव्या कथा घेणं थांबवलं, कारण त्या एका महिन्यात पाचशेहून अधिक यंत्रलिखित कथा तिथं येऊन आदळल्या होत्या. पुढच्या महिन्यात दार पुन्हा उघडलं, पण संपादक डोळ्यांत तेल घालून वाचायला लागले. ‘मनाला भिडणारी’ हे शब्द कथा न वाचताही लिहिता येतात, यंत्रालाही आणि माणसालाही. खुंटीवरच्या धुळीबद्दल लिहायचं तर तिसरं पान वाचावंच लागतं. (मानधनाचं विचारलंयस. अमेरिकेतल्या विज्ञानकथा-लेखकांच्या संघटनेनं २०१९ साली कथेला शब्दामागे आठ सेंट हा व्यावसायिक दर धरला होता. परीक्षणाचं विचारू नकोस.)

आता कामाचं. अंकात कथा सहा आहेत आणि तू पाचांवर लिहिलंयस. राहिलेली शेवटून दुसरी, जेमतेम आठशे शब्दांची, नदीचे आवाज बाटल्यांत भरून ठेवणाऱ्या म्हातारीची. आधी वाटलं, नजरचुकीनं सुटली असेल. मग तुझी परत आलेली दुसरी कथा काढून वाचली. तिच्यातही म्हातारी आहे, तिच्याकडेही बाटल्या आहेत, फक्त तू त्यांत वारा भरलायस आणि कथा साडेचार हजार शब्द चालते.

पुढच्या पत्रात फक्त त्या सहाव्या कथेवर लिहून पाठव. पान आणि ओळ घालून. बाकीच्या पाच थांबतील.

तुझा,
जुना वाचक