कोंबडी स्वतःचीच अंडी खाऊ लागली, तर ती कापावीच लागते का?

आपण लिहिले आहे की घरामागे पाळलेल्या कावेरी या सुधारित जातीच्या सहा कोंबड्या गेल्या महिन्यापासून स्वतःचीच अंडी फोडून खात आहेत. अंड्यात मिरचीपूड भरून ठेवावी किंवा चोच डागावी, असे आपल्याला कोणी सुचवले आहे आणि शेजाऱ्यांच्या मते एकदा चटावलेली कोंबडी सुधारत नाही, ती कापलेलीच बरी. मिरचीचे आणि चोचीचे उत्तर थोडक्यात देते. शेजाऱ्यांच्या मताविषयी मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण हेच वाक्य ऐकवून माझी एक उत्तम कोंबडी मला न विचारता कापली गेली होती.

मिरचीचा उपाय निरुपयोगी आहे. पक्ष्यांना तिखटाची आग जाणवत नाही. मिरचीतील ज्या कॅप्सेसिनने आपले तोंड पोळते, त्याचा त्यांच्यावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, आणि म्हणूनच रानातल्या मिरच्या खाऊन पक्षी त्यांच्या बिया दूरवर पसरवतात. आपली कोंबडी ते अंडे मिरचीसकट खाईल. चोच डागण्याचा विचारही करू नका. चोचीच्या टोकाला भरपूर मज्जातंतू असतात. डागलेल्या कोंबडीला वेदना होतात, दाणे नीट टिपता येत नाहीत आणि अंडी फुटण्याचे मूळ कारण तसेच राहते.

माझे सासर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. लग्नानंतर सासूबाईंनी कोंबड्या माझ्याकडे सोपवल्या आणि अंड्यांचे पैसेही माझ्याच हाती राहतील, असे सर्वांसमोर सांगितले. त्या कळपात एक तांबडी होती. ती खुडूक झाली की पिल्ले व्यवस्थित काढायची आणि घार दिसताच त्यांना अशी पंखांखाली घ्यायची की एक पिल्लू दिसू नये. एका उन्हाळ्यात अंडी कमी होऊ लागली आणि एके सकाळी तिच्या चोचीला बलक लागलेला माझ्या मोठ्या दिरांनी पाहिला. "हिला चटक लागली, आता ही बाकीच्यांनाही शिकवणार," असे ते म्हणाले आणि मी बाजाराला गेलेली असताना त्यांनी ती कापली. मी परतले तेव्हा रस्सा चुलीवर होता. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि त्याचे कारण घरात कोणी विचारलेही नाही.

त्यानंतरही अंडी जातच राहिली. पेंढ्यात ओला डाग, त्यावर मुंग्या आणि कवचाचा एखादा तुकडा, एवढेच हाती लागायचे. मग मी सकाळच्या वेळी पडवीत निवडण-टिपण घेऊन बसू लागले, कारण बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडी घालतात. सगळ्यांसाठी एकच डालगे होते आणि त्यात पेंढा इतका विरळ झाला होता की खालच्या कामट्या दिसत होत्या. एक कोंबडी आत बसलेली असतानाच दुसरी तिच्या अंगावरून आत शिरायची. अशाच एका रेटारेटीत एक अंडे पायाखाली आले. जिचे ते अंडे होते, ती वळली, मान वाकडी करून तिने क्षणभर पाहिले आणि मग बलकात चोच घातली. बाकीच्या धावत आल्या. शाबूत राहिलेले एक अंडे मी हातात घेतले, तर त्याचे कवच खडूसारखे खरखरीत होते आणि अंगठ्याने किंचित दाबताच ते आत गेले. कोंबडीने अंडे फोडले नव्हते. तिने फुटलेले अंडे खाल्ले होते. सवय लागते ती त्यानंतर.

कवच पातळ का होते, हे समजले की निम्मा प्रश्न सुटतो. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. आपण प्रेमाने घातलेल्या १०० ग्रॅम ज्वारीतून किंवा तांदळाच्या कणीतून ५० मिलिग्रॅमसुद्धा मिळत नाही. उरलेले कॅल्शियम कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते, आणि ते कमी पडले की कवच पातळ होते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते ते याचसाठी. आपल्या कावेरी कोंबड्या गावठीपेक्षा कितीतरी जास्त अंडी देतात, त्यामुळे केवळ दाण्यांवर त्यांचे भागणार नाही. शिवाय उन्हाळ्यात कोंबडी खाते कमी आणि धापते जास्त, आणि धापण्यानेही कवच बिघडते.

आमच्याकडे तयार खाद्य येत नव्हते, पण कालवे आणि तिसऱ्या ही खाडीतली शिंपल्यांतली मासळी घरात नेहमीच यायची. त्यांचे शिंपले मी चुलीत भाजून जाडसर कुटू लागले आणि संध्याकाळी वेगळ्या करवंटीत ठेवू लागले. संध्याकाळी अशासाठी की कवच मुख्यतः रात्री तयार होते आणि जाड तुकडे कोंबडीच्या पोटात रात्रभर हळूहळू विरघळत राहतात. पिठासारखी पूड लवकर निघून जाते. अंडी घालण्यासाठी आंब्याच्या रिकाम्या पेट्या आडव्या करून खुराड्यात जरा उंचावर ठेवल्या, त्यात पेंढा दाबून भरला आणि तोंडावर गोणपाट सोडले. अंधारात कोंबडी अंडे घालते आणि निघून जाते. उजेडात ती रेंगाळते, टोचते. चार-पाच कोंबड्यांमागे अशी एक जागा पुरते, पण आपल्याकडे सहा आहेत, तेव्हा दोन कराच. पाणी दिवसभर भरलेले असू द्या, कारण तहानलेली कोंबडी अंड्यातला ओलावाही शोधते. अंडी सकाळीच दोन-तीनदा उचला.

पुढच्या काही आठवड्यांत आमची अंडी पुन्हा पूर्वीसारखी मिळू लागली. दीर आजही चार माणसांत सांगतात की त्यांनी म्होरकी कापली म्हणून बाकीच्या सुधारल्या. हे खरे नाही. तांबडी गेल्यानंतरही अंडी तितकीच फुटत होती, ती थांबली शिंपल्यांनंतर आणि पेट्यांनंतर. हा क्रम घरातल्या प्रत्येकाने पाहिला आहे. भावोजींशी याविषयी बोलण्याचा प्रयत्न केला, की "एका कोंबडीचं काय एवढं," असे उत्तर मिळते. त्या कोंबडीची पिल्ले विकून आमच्या मुलीच्या शाळेची पुस्तके आली होती. आपल्या शेजाऱ्यांना कदाचित हा हिशेब पटेल.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या सांगते. एखादी कोंबडी शाबूत, टणक अंडेसुद्धा मुद्दाम चोच मारून फोडते आणि सगळे बदल करूनही थांबत नाही, असे क्वचित घडते. चोचीवर आणि मानेच्या पिसांवर सुकलेला बलक पाहून ती ओळखता येते. तिला काही दिवस वेगळी ठेवा आणि पेटीत लाकडाचे किंवा चिनी मातीचे अंडे ठेवा. टोचून काहीच मिळाले नाही की बऱ्याच जणी नाद सोडतात. तरीही जी सोडत नाही, ती ठेवून नुकसान सोसा, असे मी म्हणणार नाही. सगळ्याच कोंबड्यांच्या अंड्यांची कवचे एकाएकी पातळ किंवा वेडीवाकडी होऊ लागली, त्यांना घरघर लागली किंवा माना वाकड्या होऊ लागल्या, तर तो केवळ खाद्याचा प्रश्न समजू नका. मानमोडीसारख्या रोगातही असे होते, तेव्हा लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. शिंपल्यांचा चुरा पिल्लांच्या खाद्यात मात्र मिसळू नका, जास्त कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

आपण कोंबड्यांना खायला काय घालता आणि त्या सध्या अंडी कुठे घालतात, हे प्रश्नात दिलेले नाही. ते लिहिलेत, तर शिंपले आधी की पेटी आधी, ते नेमके सांगता येईल.