वाचकांचे प्रश्न : सोलापुरात राहून चीनचा अभ्यास जमेल का?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर असतात, आई विड्या वळते. शाळेत डॉ. कोटणीसांवर निबंध लिहिला तेव्हापासून चीनबद्दल ओढ आहे. तिथल्या आजच्या समाजावर पीएच.डी. करावी असं वाटतं. घरचे म्हणतात, "सीमेवर आपली पोरं मरतात आणि तू त्यांचा अभ्यास करणार?" मला चिनी भाषा येत नाही. सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थिनी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : कर, बाळ. तुझ्यासारख्या मुलींनी हे काम हाती घ्यावं असं मला फार वाटतं.

आधी घरच्यांचं. गलवानला 2020 साली आपले 20 जवान गेले, तेव्हा त्यांचा राग खरा आहे आणि त्याच्याशी वाद घालू नकोस. एवढंच सांग की 140 कोटी लोकांचा शेजारी आहे आणि मराठीत त्याच्याबद्दल वाचायला मिळतं ते सैन्याचं नाहीतर स्वस्त मालाचं. तिथली कामगार बाई पगाराचं काय करते, गावाकडच्या म्हाताऱ्यांना कोण बघतं, हे आपल्याला सांगणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. ज्याच्याशी भांडण आहे तो कसा जगतो हे तर जास्तच ठाऊक हवं.

आता विषय. 'चीनचा समाज' हा विषय नव्हे, तो धरून कुणाचाच प्रबंध पुरा होत नाही. एक प्रश्न धर, आणि तो तुझ्या घरात, गल्लीत तू पाहिलेला असू दे. हे मी का म्हणते ते चिनी समाजशास्त्रज्ञ फेइ श्याओथुंग यांच्यावरून सांगते. त्यांचा जन्म 1910 चा, म्हणजे आपल्या कोटणीसांच्याच वर्षीचा. 1935 मध्ये ते नवविवाहित पत्नीसह दक्षिण चीनमधल्या क्वांगशीच्या डोंगरात आदिवासींचा अभ्यास करायला गेले. तिथे ते वाघासाठी लावलेल्या सापळ्यात सापडून जबर जखमी झाले आणि मदत आणायला गेलेली पत्नी मरण पावली. पुढच्या वर्षी, दुखणं सरत असताना, ते थाय सरोवराजवळच्या एका खेड्यात राहिले. त्यांच्या बहिणीने तिथे रेशमाचा सहकारी कारखाना उभा करायला मदत केली होती. पूर्वी त्या गावच्या बायका घरीच कोशांतून रेशीम काढत. बाजारात भाव पडला, घरच्या रेशमाला गिऱ्हाईक उरलं नाही, म्हणून कारखाना. फेइ यांनी त्याचा सगळा हिशोब मांडला, पण मला त्यातली छत्रीची नोंद सर्वांत मोलाची वाटते. पाऊस आला आणि नवरा छत्री पाठवायला विसरला, म्हणून कारखान्यातल्या एका बाईने त्याला चारचौघांत फैलावर घेतलं. नवऱ्याने बायकोची अशी सरबराई करायची रीतच तिथे नव्हती. हातात स्वतःची मजुरी आली आणि घरातला आवाज बदलला. लंडनला जाऊन त्यांनी या खेड्यावर लिहिलेलं पुस्तक 1939 साली आलं आणि आजही ते वाचलं जातं.

तुझ्या आईच्या हाती विडीची मजुरी पडते तेव्हा घरात कुणाचा शब्द चालतो, पान कमी भरलं, विड्या छाटल्या म्हणून पैसे कापले की संध्याकाळी काय होतं, हे तुला कुणी शिकवायला नको. चीनमधल्या शेनचेन शहरातल्या कारखान्यातल्या मुलीला काय विचारायचं हे तुला दिल्लीतल्या पुष्कळांपेक्षा लवकर सुचेल.

किंवा दुसरा प्रश्न बघ. आपल्या जिल्ह्यात उसाचा हंगाम लागला की बीडकडून टोळ्या येतात. पोरं बरोबर येतात, नाहीतर गावी आजीपाशी राहतात. चीनमध्ये 1958 पासून कुटुंबनोंदणीची पद्धत आहे. माणूस शहरात कितीही वर्षं राबला तरी त्याची नोंद गावची, आणि शाळा-दवाखान्याच्या सवलती बऱ्याच अंशी त्या नोंदीला बांधलेल्या. आता नियम सैल झालेत, पण मोठ्या शहरांत अजून अवघडच आहे. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षाही सहसा नोंदीच्याच प्रांतात द्यावी लागते, म्हणून आईबाप शहरात आणि लेकरू आजीआजोबांपाशी अशी लाखो घरं आहेत. आपल्याकडे कुणाला असा कागद आडवा येत नाही, तरीही पोर आजीपाशीच राहतं. असं का, यावर प्रबंध होऊ शकतो. मला तो वाचायला आवडेल.

भाषेला मात्र पर्याय नाही. इंग्रजीतून वाचून तू फार तर दुसऱ्यांच्या अभ्यासाचा अभ्यास करशील. दिल्ली विद्यापीठाच्या पूर्व आशियाई अभ्यास विभागात भाषेचे पूर्णवेळ अभ्यासक्रम आहेत. जेएनयूमध्ये भाषा आणि संशोधन दोन्हींची सोय आहे. शांतिनिकेतनचं चीना भवन तर 1937 पासून उभं आहे. नेट-जेआरएफ या संशोधन फेलोशिपच्या परीक्षेचा अभ्यास आत्तापासून लाव. फेलोशिप मिळाली की वडिलांवर भार पडणार नाही. तोवर रोज घरी तासभर चिनी अक्षरं गिरव, हातानेच. आणि पूर्व आशियाई सामाजिक पाहणी बघ. चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि तैवान इथे तेच प्रश्न विचारून केलेली ही पाहणी; 2006 ची फेरी कुटुंबावरच आहे. आकडे अभ्यासकांना खुले आहेत. सोलापुरात बसून आजपासून हे करता येतं.

प्रश्न : चीनमधून खरी माहिती बाहेर येऊच देत नाहीत. मग हे अभ्यासक कशाच्या भरवशावर लिहितात?
— निवृत्त बँक कर्मचारी, जुळे सोलापूर

उत्तर : काका, तुमची शंका रास्त आहे. 1952 मध्ये तिथल्या विद्यापीठांतून समाजशास्त्र हा विषयच काढून टाकला होता, तो 1979 ला परत आला. वर सांगितलेले फेइ 1957 मध्ये त्याच खेड्यात पुन्हा गेले, शेतीला जोडधंदा हवा असं लिहिलं, आणि 'उजवे', म्हणजे पक्षाचे विरोधक, ठरवले गेले. आजही दारं उघडतात, मिटतात. चिनी शोधनिबंधांच्या सर्वांत मोठ्या संग्रहातला काही भाग 2023 च्या एप्रिलपासून परदेशी ग्रंथालयांना बंद झाला.

तरी वाट निघते. 1970 च्या दशकात परक्या संशोधकाला चिनी खेड्यात राहून काम करणं जवळजवळ अशक्य होतं, तेव्हा तिघे अभ्यासक त्या वेळी ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या हाँगकाँगमध्ये बसले आणि शेजारच्या क्वांगतुंग प्रांतातल्या एकाच गावातून तिथे आलेल्या 26 जणांना पुन्हा पुन्हा भेटले. गाव सोडून आलेला माणूस गावावर रुसलेला असतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून एकाचं बोलणं दुसऱ्याशी, दुसऱ्याचं तिसऱ्याशी ताडून पाहिलं. कुणी पूर्वी पुढारी होता, कुणी त्याच पुढाऱ्याने छळलेला. दोघेही एखाद्या सभेबद्दल तेच सांगू लागले की ती गोष्ट वहीत पक्की व्हायची. पुढे चीनची दारं उघडल्यावर ते प्रत्यक्ष त्या गावीही जाऊन आले.